आहेराच्या तांब्यावरचे नाव

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. सामान्य घरांतल्या लग्नांपर्यंत कॅमेरा पोचायला मात्र पुढे अनेक दशके लागली. त्यामुळे घरोघरच्या लग्नांचा इतिहास केवळ फोटोंवरून मांडणे अपुरे ठरते. शिवाय फोटोमागे वधूचे लिहिलेले असते ते बहुधा सासरचे, तांदळात अंगठीने रेखलेले नाव. माझ्या आजीचे माहेरचे नाव मला सापडले ते तिच्या मामांनी आहेर केलेल्या पितळी तांब्यावर, ठिपक्याठिपक्यांनी, तारखेसह कोरलेले. अशी किती भांडी आपण मोडीत घालून स्टील घेतले! फोटो जपले, नावे वजनावर विकली. यंदा दिवाळीत जुनी भांडी घासायला काढाल, तेव्हा काठाखालची अक्षरे आधी उतरवून घ्या.