लोपामुद्रेची निवड

देवळाच्या सभामंडपात चातुर्मासात पुराण ऐकणाऱ्या आमच्या वाचकांना महाभारताच्या आदिपर्वातील जरत्कारूचे आख्यान परिचित असेलच. तपश्चर्या करीत हिंडणाऱ्या या ब्रह्मचाऱ्याला एका गर्तेत खाली डोके करून लोंबकळणारे पितर दिसतात. त्यांना आधार काय तो वाळ्याच्या एका जुडग्याचा. आणि त्याचीही मुळे उंदीर कुरतडीत आहे. ते आपलेच पूर्वज, हे कळताच जरत्कारू विवाहास तयार होतो. पुराणिक बहुधा येथे थांबतात आणि पुत्रावाचून गती नाही, असा निष्कर्ष सांगून मोकळे होतात. खांबाआड बसलेल्या एखाद्या निपुत्रिक दांपत्याची मान त्या क्षणी खाली जाते, हे आम्ही पाहिले आहे. म्हणूनच या निष्कर्षाचे परीक्षण आम्हांस अगत्याचे वाटते.

आख्यान तेथे संपत नाही. वधू आपल्याच नावाची असावी, ती भिक्षा म्हणून मिळावी आणि तिच्या पोषणाचा भार आपल्यावर नसावा, अशा जरत्कारूच्या अटी आहेत. वासुकी त्या मान्य करून बहीण देतो; कारण कद्रूच्या शापातून नागकुळ वाचविणारा आस्तिक तिच्याच पोटी यावयाचा आहे. पुढे संध्यावंदनाची वेळ टळू नये म्हणून ती निजलेल्या पतीस जागे करते, आणि एवढ्या निमित्तावर तो तिला सोडून जातो. आस्तिकाने जनमेजयाचे सर्पसत्र थांबविले, त्या कार्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु दोन कुळांची निकड भागली ती एका स्त्रीच्या मोडलेल्या संसारावर, हे ग्रंथकाराने लपविलेले नाही. ते झाकून ठेवले आहे आपण.

वनपर्वात हेच चित्र पुन्हा येते. अगस्त्यालाही पितर गर्तेत लोंबकळताना दिसतात. पण येथे विदर्भराजाची कन्या लोपामुद्रा आहे. आपणांस अगस्त्याला द्यावे, असे चिंतेत पडलेल्या पित्यास तीच सांगते. अपत्याची वेळ येते तेव्हा ती माहेरच्या तोलाची शय्या व अलंकार मागते. मात्र त्यापायी पतीचे तप खर्ची पडू नये, हेही बजावते. अगस्त्य तीन राजांकडे जातो. तिघांचाही जमाखर्च सारखा आहे, काही घेतल्यास प्रजेस पीडा होईल, हे पाहून तो काहीच घेत नाही. शेवटी इल्वलाकडून धन मिळते. मग तो तिला विचारतो : सहस्र पुत्र हवेत, शंभर हवेत, दहा हवेत, की सहस्रांच्या तोडीचा एकच? लोपामुद्रा एक निवडते.

आमच्या मते ही कथा पहिलीचे उत्तर आहे. पितरांचे ऋण दोन्हीकडे तेच. पण येथे स्त्रीची इच्छा विचारली जाते, निर्वाहाची सोय आधी पाहिली जाते, आणि तीही दुसऱ्यांच्या तोंडचा घास काढून नव्हे. अपत्य हे कर्तव्य मानले तरी त्याच्या आधी किती कर्तव्ये उभी आहेत, ते या कथेने दाखविले आहे.

परंतु मुळीच अपत्य नको, असे कोणी म्हटले तर? तैत्तिरीय संहितेतील तीन ऋणांत प्रजेने फेडावयाचे पितृऋण आहे, हे खरे. बृहदारण्यकातही पुत्राने मनुष्यलोक जिंकावा, असे म्हटले आहे. पण त्याच उपनिषदात आत्मा जाणणारे पुत्रैषणा, वित्तैषणा व लोकैषणा सोडून भिक्षावृत्तीने राहतात, असेही याज्ञवल्क्य सांगतो. यावर आक्षेप येईल की ते विरक्त होते, आजचे तरुण सुखासाठी नाही म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. केवळ सोयीला संन्यासाचे नाव देता येत नाही. तथापि पुत्रेच्छेची गणना श्रुतीने एषणांत केली, म्हणजे तीही तपासून पाहण्याची वस्तू ठरविली. वंशाच्या अभिमानासाठी किंवा म्हातारपणच्या काठीसाठी मूल आणणारा तरी निःस्वार्थ कोठे आहे? दोघांच्याही हेतूंना एकच कसोटी लावली पाहिजे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा समाजाने त्यांची निर्भर्त्सना केली. आज चित्र पालटले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील जननदर स्त्रीमागे १.३ इतका आढळला. घराघरांनी जे आचरणात आणले, त्याविषयी देवळात मात्र अजून कुजबूजच चालते. नवस करूनही ज्यांची कूस उजवली नाही आणि ज्यांनी विचारपूर्वक अपत्य नाकारले, त्या दोघांनाही त्या कुजबुजीचा सारखाच काच होतो.

माघ शुद्ध अष्टमीला भीष्मांना तर्पण करण्याची आपली रीत आहे. त्या आजन्म ब्रह्मचाऱ्यास पुत्र नव्हता. म्हणून त्यांच्या वंशाचे नसलेलेही त्यांच्या नावाने पाण्याची ओंजळ सोडतात. पुराणिकांनी पुढच्या चातुर्मासात जरत्कारू अवश्य सांगावा. पण त्याच आसनावरून लोपामुद्रा सांगावी आणि ही ओंजळही सांगावी, एवढीच आमची विनंती आहे.