'प्रीबायोटिक शर्करा' : एका संज्ञेची चिकित्सा

दंतक्षय व हिरड्यांचे विकार टाळण्यासाठी 'प्रीबायोटिक शर्करा' सुचविणाऱ्या लेखनात द्रव्यांइतकेच त्यांचे नावही तपासण्याजोगे आहे. गिब्सन व रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ साली ही संज्ञा मांडली ती मोठ्या आतड्यातील जीवाणूंना अनुलक्षून. २०१७ च्या सुधारित व्याख्येने तिचे क्षेत्र शरीराच्या इतर भागांपर्यंत वाढविले; परंतु जीवाणूंनी त्या द्रव्याचा 'निवडक वापर' करावा, ही अट कायम ठेवली.

झायलिटॉल या अटीत कसे बसावे? फिनलंडमधील तुर्कू येथे १९७०च्या दशकात झालेल्या प्रयोगांनी ते नावारूपास आणले. दंतक्षयास कारण होणारा स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स ते आत घेतो, पण त्यापासून आम्ल बनवू शकत नाही. त्याची शक्ती मात्र व्यर्थ खर्ची पडते. हे पोषण नव्हे, उपासमार होय. लंघनास मेजवानी म्हणण्यातलाच हा प्रकार! शिवाय ते काटेकोर अर्थाने शर्कराही नव्हे, शर्करेपासून होणारे अल्कोहोल आहे. उलट आर्जिनिनपासून मुखातील काही जीवाणू अमोनिया निर्माण करून आम्लता घटवितात. व्याख्येच्या जवळ येणारे हे द्रव्य. पण ते अमिनो आम्ल.

पुराव्याची बाजूही जपून मांडावयास हवी. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात झायलिटॉलयुक्त फ्लोराइड टूथपेस्टने मुलांतील दंतक्षय केवळ फ्लोराइडच्या पेस्टपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळला, पण तो पुरावा कमी प्रतीचा ठरविला गेला. हिरड्या तर त्या आढाव्याचा विषयच नव्हत्या.

मराठीत 'पूर्वजैविक' असा शब्दशः प्रतिशब्द योजल्यास घोटाळा वाढेल. जीवोत्पत्तीच्या रसायनशास्त्रात मूळ शब्दाचा अर्थ 'जीवसृष्टीपूर्वीचा' असा आहे. 'जीवाणुपोषक' अधिक बरा. निदान कोणाचे पोषण, हे तरी लेखकास सांगावे लागेल.