अभय कोणाच्या जिवावर?

दिवाळीच्या सुमारास आमच्या कळंबकडे उसाची तोडणी सुरू झाली, की एखाद्या फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. मांजरीच्या पिलांएवढी. तोडकरी कोयते खाली ठेवतात. वनखात्याची माणसे येऊन पिल्ले प्लॅस्टिकच्या कॅरेटात घालतात व अंधार पडताना त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते आणि त्यांना घेऊन जाते. ऑर्सन स्कॉट कार्ड यांची 'एंडर्स गेम' ही १९८५ ची कादंबरी वाचताना मला हा फडच दिसत राहिला.

कथा अशी. कीटकांसारख्या परग्रहवासीयांनी माणसांवर दोनदा स्वारी केलेली. एंडर नावाच्या पोराला युद्धाचे शिक्षण देतात. ज्याला तो सराव समजतो ते खरे युद्ध निघते, आणि त्याच्या हातून शत्रूचा वंशच बुडतो. पुढे त्याला एका राणीचा कोश सापडतो. तो चिरडावयाचे सोडून एंडर तिच्यासाठी जागा शोधीत ग्रहोग्रही हिंडतो. (वेल्सचे मंगळवासी १८९८ साली जंतूंनीच मारले, तिथे दयेचा प्रश्नच उरला नाही.)

ही शेवटची पाने सुरेख उतरली आहेत, हे मान्य. शत्रूचे मन कळल्यावर त्याला मारणे किती अवघड, हे कार्ड यांनी नेमके पकडले आहे. माझी तक्रार निराळी आहे. प्रायश्चित्त एंडरचे, पण राणी जागी झाल्यावर तिच्या शेजारी राहणार कोण? या पुस्तकात त्या शेजाऱ्याला तोंडच नाही.

आमच्या भागाला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. २००१ पासून जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे मारले नाहीत, दूरच्या रानांत नेऊन सोडले. विद्या अथ्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे, पूर्वी वर्षाला सरासरी ४ असणारे माणसांवरील हल्ले त्यानंतर १७ वर गेले. सोडल्या जागांच्या आसपासही हल्ले झाले. हेतू दयेचाच होता. तिथल्या वस्त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

म्हणून राणीला मारावयास हवे होते, असे मी म्हणत नाही. फडातली ती तोडकरीणही म्हणत नाही. ती कोयता खाली ठेवते, रात्री पोराला पोटाशी घेऊन कोपीत निजते, आणि सकाळी त्याच फडाचा उरलेला तुकडा तोडावयास उतरते. कार्ड यांनी एंडरला अशा कोपीत एक रात्र तरी काढावयास लावावयाची होती.