‘शारदा’ : एका मदतप्रयोगाच्या निमित्ताने

संध्याकाळी कॉलेजातून निघताना एका सहकाऱ्याने हातात जादा तिकीट ठेवले. गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी ‘संगीत शारदा’चा मदतप्रयोग होता. मी अशाच वसतिगृहाच्या भाकरीवर बी. ए. झालो, घराण्यातला पहिला. ठरवले नव्हते, तरी पाय तिकडे वळले.

गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ चे. पैशाच्या लोभाने कांचनभट पोटची पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. यात आमची माणसे नाहीत, हा माझा आक्षेप नाही. देवलांनी आपल्याच समाजाच्या घरातली सडणूक चव्हाट्यावर मांडली, हे मोलाचेच. त्यांचे पद बोलण्यातून सहज उगवते. पण त्या रात्री शारदेच्या भयाच्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला, पुन्हा मिळाला. पोरीचा आकांत रसिकांची मेजवानी झाला.

माझा प्रश्न पुढचा आहे. हे लग्न मोडते कशाने? शारदेच्या नकाराने नव्हे, वधूवर सगोत्र निघतात म्हणून. पुढे कोदंडाशी तिचे लग्न होते, तेही शंकराचार्यांच्या संमतीने. शास्त्राने अडवले, शास्त्रानेच सोडवले. मुलगी सुटली, तिचा नकार मात्र कुणी मोजला नाही. आपल्या सुधारणेची मर्यादा इथे आहे.

मध्यंतरात तीच मर्यादा डोळ्यांसमोर उभी राहिली. वसतिगृहातली पाच मुले रंगमंचावर आणली. देणगीदारांची नावे वाचली गेली, हारतुरे झाले. मुलांनी हात जोडले. माईक त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. शेजारच्या बाई हळहळल्या, “बिचारी!” मीही एकेकाळी असाच, कुणाचा तरी ढगळ सदरा घालून उभा होतो.

मदत नको, असे म्हणण्याची चैन मला परवडत नाही. वसतिगृह बंद पडले तर ती पोरे गावी परततील, शिक्षण सुटेल. पण १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे वस्तीत उभे राहिले, तिथे गाणारा आणि ऐकणारा एकाच दुःखाचे होते. ऐकणाऱ्याला कुणी बिचारा म्हणत नव्हते.

नाटक संपल्यावर मी त्या मुलांना शोधले. मध्यंतरानंतरच त्यांना परत पाठवले होते. शेवट त्यांनी पाहिलाच नाही. प्रेक्षागृहात त्यांच्यासाठी खुर्च्या राखल्या नव्हत्या. पुढच्या प्रयोगाला पहिली रांग त्यांची असावी, आणि नाटकावर पहिले त्यांनी बोलावे.