चार टोकं एका उंचीवर

हाताने घडवलेले क्यू, म्हणजे बिलियर्ड्स आणि पूल या टेबलावरच्या खेळांच्या काठ्या, जमवणारे आणि त्या बनवणारे एकत्र येतात तेव्हा खेळ फारसा होत नाही. पेनसिल्व्हेनियातला सुपर बिलियर्ड्स एक्स्पो असो, नाहीतर एखाद्या हॉटेलच्या दालनात भरलेली संग्राहकांची छोटी बैठक असो, टेबलांवर कापड अंथरलेलं असतं, त्यावर जाड बट आणि निमुळता शाफ्ट अशा दोन तुकड्यांत सोडवून ठेवलेले क्यू आणि मागे बहुधा बनवणारा स्वतः. येणारा आधी विचारतो, हात लावू का. मग बट उचलतो, जिथे शाफ्ट जोडायचा तिथे आत डोकावतो, बट डोळ्याच्या रेषेत धरून एक डोळा मिटतो. शाफ्ट फिरवून बसवतो आणि अख्खा क्यू टेबलावर लोळवून त्याच्या खालून दिसणारी उजेडाची फट बघत राहतो. ती फट सरळ राहिली तर पुढचं बोलणं. किंमत सगळ्यांत शेवटी, आणि तीही खालच्या आवाजात.

एक डोळा मिटून लाकूड वाचायची ही रीत बारामती-इंदापूरकडच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. कुळवाचं इसाड किंवा गाडीची दांडी निवडताना इकडचा सुतार हेच करत आला. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव, असं चाक उभं करणाऱ्याला जोड लपवायचा नसायचा, टिकवायचा असायचा. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांवर ऊस वाहणाऱ्या गाड्यांना रबरी टायर आले आणि ते चाक मागे पडलं. पण ते चाक ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना क्यूचं सौंदर्य समजायला वेळ लागू नये. कारण क्यू म्हणजेही जोडकामच. फरक इतकाच की इथे तो जोड मिरवतात.

रसग्रहणासाठी समोर एकच क्यू ठेवू. जॉर्ज बालाबुष्काच्या घडणीचा. हा माणूस 1912 साली रशियात जन्मला, लहानपणीच अमेरिकेत आला आणि लाकूडकामावर पोट भरू लागला. 1959 मध्ये त्याने भागीदारीत ब्रुकलिनमध्ये एक पूलची खोली घेतली. तिथले क्यू दुरुस्त करता करता स्वतःचे बनवायला लागला आणि पहिले काही ख्रिसमसला मित्रांना भेट म्हणून वाटून टाकले. 1975 मध्ये तो वारला. मधल्या सोळा-सतरा वर्षांत त्याच्या हातून हजार-बाराशेच्या आसपास क्यू झाले असावेत असं मानतात. आज त्यातला एखादा विकायला निघाला तर भाव हजारो डॉलरांत जातो. व्हायोलिनवाल्यांना स्त्रादिवारी, तसा क्यूवाल्यांना बालाबुष्का, असं तिकडचे लोक म्हणतात. मला ही तुलना जरा जास्तच वाटते, पण तिच्यामागची भावना मात्र कळते.

क्यू लांबीला साधारण 58 इंच, वजनाला अर्ध्या किलोच्या थोडा वर. पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर जाते ती बटाच्या पुढच्या भागाकडे, ज्याला फोरआर्म म्हणतात. पांढुरक्या मेपल लाकडाच्या अंगावर खालून वर चढत गेलेली चार काळी, लांब, निमुळती टोकं. त्यांना म्हणायचं पॉइंट. प्रत्येक पॉइंटच्या कडेने रंगीत रेघा, एकीला लागून दुसरी. बघणाऱ्याला वाटतं ही नक्षी आहे, रंगवली असेल, फार तर कोरून बसवली असेल. तसं काहीच झालेलं नसतं.

मेपलच्या दांड्यात बाहेरून व्ही आकाराच्या चार खाचा पाडतात. प्रत्येक खाच खालच्या बाजूला खोल असते आणि वर जाताना उथळ होत होत शून्यावर येते. तिच्यात आधी रंगवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्यांचे थर, म्हणजे व्हिनियर, आणि त्यांच्यावर एबनीचा किंवा शिसवीचा चौकोनी तुकडा, एक कोपरा आत करून चिकटवायचा. या अवस्थेत तो दांडा अगदी ओबडधोबड दिसतो, चारी अंगांनी लाकडं बाहेर आलेली. मग तो लेथवर चढतो. फिरत्या लाकडाला पटाशी लागते, जास्तीचं उडून जातं, आणि चौकोनी तुकडा जिथे गोल दांड्याला भेटतो तिथे भाल्याच्या पात्यासारखा आकार आपोआप उघडा पडतो. म्हणजे पॉइंट कुणी काढलेला नसतो, तो निघतो. कडेच्या रेघासुद्धा आत बसलेल्या थरांच्या उघड्या पडलेल्या कडा. नक्षी म्हणून आपण ज्याला दाद देतो ती मुळात जोडाची खूण आहे.

खरी गंमत टोकांच्या उंचीत आहे. खाच वर जाऊन शून्यावर येते, म्हणून लेथवर लाकूड जितकं उतरवाल तितकं टोक खाली सरकतं. दांडा केंद्रापासून केसभर जरी हलला, तर एका बाजूचं लाकूड जास्त कापलं जातं, दुसऱ्या बाजूचं कमी, आणि चार टोकं चार उंचीवर जातात. नंतर पॉलिश कितीही चढवा, ती चूक पुसत नाही. म्हणून जाणकार क्यू हातात फिरवत चारही टोकं एका कड्यात येतात का ते पाहतो. ती आली तर समजायचं, खाच पाडल्यापासून शेवटच्या कापापर्यंत बनवणाऱ्याचा हात एकदाही भरकटला नाही. महिनोन्‌महिन्यांचं काम, आणि त्याचा हिशेब चार टोकांत लिहून ठेवलेला. मला तरी या क्यूतली सगळ्यांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

संगणकावर चालणारं यंत्र आल्यावर हे काम सोपं झालं. यंत्र हवी तशी खाच कोरतं, त्यात तितक्याच मापाचा तुकडा बसतो, टोकं हुकायचा प्रश्नच नाही. फक्त एक गोष्ट लपत नाही. कोरणारं पातं स्वतः गोल असतं, त्यामुळे त्याने पाडलेल्या खाचेचं टोकही किंचित गोल राहतं. व्ही खाचेतून निघालेलं टोक सुईसारखं. भिंग लावून संग्राहक तेवढंच बघतो. दोन क्यू लांबून जुळे वाटतात आणि किंमत मात्र वेगळी असते, ती इथे.

पॉइंटच्या वर जॉइंट. बालाबुष्काच्या क्यूत तो बहुधा पोलादी. 5/16 इंचाचा स्क्रू, इंचाला 14 आटे. शाफ्ट फिरवत बसवताना शेवटच्या आट्याला जो हलका अडसर जाणवतो आणि मग दोन तोंडं गच्च भिडतात, त्याच्यावर या मेळाव्यांत तासन्‌तास बोलतात. खेळणाऱ्याचा एक शब्द आहे, हिट. हिट कसा आहे, म्हणजे चेंडूला टोला बसताना हाताला काय कळतं. पोलादी जॉइंट वजन थोडं पुढे आणतो. लाकडाला लाकूड भिडवणारा सपाट जॉइंट वेगळा बोलतो. कोणता चांगला, याचा निकाल लागलेला नाही आणि लागूही नये. वाद संपला तर निम्मी बैठक रिकामी होईल.

शाफ्टवर मी कमी बोलणार आहे, कारण तिथे बघण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं, आणि तेच त्याचं यश. टणक मेपल, सरळ रेषा, टोकाशी 13 मिलिमीटरच्या आसपास जाडी. पुढचा दहा-बारा इंचांचा भाग जवळपास एकाच जाडीचा ठेवतात, बोटांच्या कमानीतून तो सरकताना अडखळू नये म्हणून. लाकूड कापलं की ते हलतं, म्हणून बनवणारा थोडं उतरवतो आणि टांगून ठेवतो, पुन्हा थोडं उतरवतो, पुन्हा टांगतो. जे वाकलं ते बाद. घाई करणाऱ्याचा शाफ्ट वर्षभरात केळीसारखा होतो.

मुठीवर आयरिश लिननचा धागा गुंडाळलेला. एकाला एक लागून, दाबून, इतका गुळगुळीत की तो धागा आहे हे बोटांनाच कळावं, डोळ्यांना नाही. मूळचा हा मासे धरायच्या दोराचा माल. घाम शोषतो म्हणून मुठीवर आला. त्याच्या खाली बटाच्या शेवटच्या भागात शिंपल्याचे ठिपके, शंकरपाळ्याच्या आकाराचे दोन-चार तुकडे, दोन बारीक कडी. बस. बालाबुष्काचं सजावटीचं भांडवल एवढंच.

त्याच्या नंतरच्या लोकांनी मात्र हात सैल सोडला. 1992 मध्ये अमेरिकन क्यूमेकर्स असोसिएशन स्थापन झाली त्या काळात क्यू हा खेळाच्या साधनापेक्षा दागिना म्हणून जास्त घडू लागला. चांदीच्या तारा, पाचू, सोनं, बटभर जडाव. कारागिरी अफाट, पण असे कित्येक क्यू कधी चेंडूला लागतच नाहीत. मला त्यांच्यासमोर टाळी वाजवावीशी वाटते, वाचत बसावंसं वाटत नाही. जिथे प्रत्येक ओळीत अलंकार आहे तिथे नजर ठरायची कुठे?

जडावातल्या एका भागाबद्दल तर आता बोलायचीही चोरी झाली आहे. शाफ्टच्या टोकाशी चामड्याची टिप, आणि तिच्या खाली पांढरी टोपी, फेरूल. ही टोपी, जॉइंट, कधी कधी अख्खा बटाचा तळ, हस्तिदंताचा करायची पूर्वी रीत होती. त्याच्या टोल्याचा आवाज गोड, असं जुने लोक सांगतात. 1989 मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली, 2016 पासून अमेरिकेत देशांतर्गत विक्रीही जवळपास बंद झाली, आणि संग्राहकांच्या कपाटातला कितीतरी माल अडकून पडला. आपल्याकडे हत्तीच्या दातावरचे निर्बंध त्याहून आधीचे आहेत. हळहळणाऱ्यांची हळहळ खरी असेल, पण त्या टोपीच्या आवाजासाठी हत्ती मारावा इतका तो गोड असणं शक्य नाही. शिसवीचं थोडं निराळं. सह्याद्रीतली आपली शिसव तिकडे ‘ईस्ट इंडियन रोजवुड’ म्हणून मानाने बटात बसते. 2017 पासून शिसवीच्या साऱ्या कुळाचा परदेशी व्यापार परवान्याच्या कक्षेत आला, म्हणून जुन्या लाकडाचा साठा असलेला कारागीर आता तो जपून कापतो.

या सगळ्या थाटामाटाच्या शेजारी विलायती क्यू ठेवला तर तो गरीब वाटतो. बिलियर्ड्स आणि स्नूकरचा क्यू, अॅश लाकडाचा, टोक नऊ-दहा मिलिमीटरचं. मुठीवर धागा नाही, शिंपला नाही. सजावट काय ती लाकडाची स्वतःची: अॅशच्या रेषा टोकाकडून मागे बाणांसारख्या एकात एक बसत येतात, आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला तेच बाण वाट दाखवतात. पुण्याच्या मुलांनी ओळखला तो हा क्यू. 1922 साली पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचा जागतिक हौशी विजेता झाला. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. 1964 मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्याने ते पद पुन्हा मिळवलं. स्नूकर तर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्येच जन्माला आलं. म्हणजे टेबलाशी आपलं नातं जुनं आहे; काठीकडे वस्तू म्हणून पाहायची सवय मात्र आपल्याला लागली नाही. जिंकलेल्या करंडकाचा फोटो आपण जपतो, ज्या क्यूने तो जिंकला त्याचं काय झालं हे क्वचितच विचारतो.

बालाबुष्काचं नाव पूल न खेळणाऱ्यांनाही कळलं ते 1986 च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटामुळे. पॉल न्यूमन टॉम क्रूझला एक बालाबुष्का देतो. पडद्यावर तो क्यू ज्या आदराने हाताळला जातो, तो बघून कित्येक जण संग्राहक झाले. चित्रीकरणात वापरलेला क्यू मात्र बालाबुष्काचा नव्हता. जॉस कंपनीने त्याच्या धर्तीवर बनवलेला होता. खरा इतका मोलाचा की फोडाफोडीच्या टोल्यांना कोण देणार? नकलेने मूळ माणसाला अमर केलं, याचं मला हसू येतं, पण तक्रार करावीशी वाटत नाही. नक्कल चांगली होती.

दोन क्यू समोर ठेवले, एक कपाटातून थेट आलेला, मूळ पॉलिशचा, एकही डाग नसलेला, आणि दुसरा शाफ्ट खडूने निळसर पडलेला, मुठीचा लिनन काळवंडलेला, तर बाजार पहिल्याला जास्त पैसे देईल. मी दुसरा उचलेन. चार टोकं दोन्हींत एका उंचीवर असतील, पण त्या टोकांनी काम केलं की नाही ते दुसराच सांगतो.

बारामती-इंदापूरच्या एखाद्या क्लबात जाल तेव्हा भिंतीवरच्या रॅकमधला क्यू नुसता उपसू नका. आधी टेबलावर लोळवा. मग बटावरचे पॉइंट बघा. रॅकमधल्या क्यूला कसोटी उलटी लावायची: टोकं छापल्यासारखी तंतोतंत असतील तर बहुधा तो चिकटवलेला छाप असेल, नखाने कळेल. टोकं थोडी वरखाली असतील, आणि दोन लाकडं एकमेकांत बोटांसारखी शिरलेली दिसतील, तर तो फुल-स्प्लाइस जातीचा खरा जोड आहे. असा क्यू वाकला किंवा टिप उडाली म्हणून भंगारात देऊ नका, मालकालाही देऊ देऊ नका. शिकागोचा हर्मन रॅम्बो आणि ब्रुकलिनचा बालाबुष्का या दोघांनीही ब्रन्सविक कंपनीचे असेच रॅकमधले क्यू कापून त्यांतून आपले कित्येक क्यू घडवले होते.