सैनिकी तळांवरील सहवीज : काटकसर आणि टिकाव

एकाच इंधनापासून वीज आणि उपयुक्त उष्णता एकाच वेळी मिळविण्याच्या पद्धतीस सहवीजनिर्मिती म्हणतात. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांमुळे ही संज्ञा मराठी वाचकास अपरिचित नाही. अमेरिकेतील संरक्षणविषयक लेखनात मात्र या पद्धतीचा पुरस्कार निराळ्याच हेतूने केला जातो. सार्वजनिक ग्रिड कोसळले तरी सैनिकी तळाचे काम अखंड चालावे, हा तो हेतू होय. या पुरस्कारात तथ्य नाही असे नाही. परंतु त्यात काटकसर आणि टिकाव या दोन भिन्न गुणांची गल्लत झालेली आढळते, आणि ही गल्लत केवळ शब्दांची नाही.

प्रश्नाचे गांभीर्य निर्विवाद आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण विज्ञान मंडळाने आपल्या अहवालात, तळांवरील अत्यावश्यक कार्ये नाजूक अशा नागरी ग्रिडवर विसंबून असल्याचा स्पष्ट इशारा दिला. पुढे कायद्याने २०३० च्या वित्तीय वर्षाअखेरपर्यंत अशा कार्यांसाठी वर्षात किमान ९९.९ टक्के ऊर्जा-उपलब्धतेचे लक्ष्य ठरविले. म्हणजे वर्षभरात खंड सुमारे पावणेनऊ तासांहून अधिक नसावा. भूसेनेने २०२० च्या आदेशात अत्यावश्यक कार्यांसाठी किमान १४ दिवसांच्या स्वयंपूर्णतेची अपेक्षा ठेवली. ही दोन मापे एकरूप नाहीत. पहिले वर्षाचा हिशेब मागते, तर दुसरे एका दीर्घ संकटाची कसोटी लावते. एकोणीस वर्षे पहिल्या मापास उतरलेला तळ विसाव्या वर्षीच्या पंधरवड्यात निरुपाय होऊ शकतो.

सहवीजेची काटकसर कशी होते, हे साध्या गणिताने दाखविता येते. शंभर एकक इंधनापासून तीस एकक वीज आणि पंचेचाळीस एकक उपयुक्त उष्णता मिळते असे समजू. हीच वीज ३३ टक्के कार्यक्षमतेच्या केंद्रातून आणि हीच उष्णता ८० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधून स्वतंत्रपणे मिळवावयाची, तर सुमारे १४७ एकक इंधन लागेल. लाभ मोठा आहे खरा. परंतु तो उष्णतेस गिऱ्हाईक असेल तोपर्यंतच. उन्हाळ्यात वाफेची मागणी घटली आणि टर्बाइनचे तप्त वायू आकाशात सोडावे लागले, की उरते ते केवळ मध्यम प्रतीचे वीजयंत्र. शिवाय या गणितात ग्रिड कोसळण्याचा उल्लेख कोठेही येत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

टिकावाची पहिली अट यंत्ररचनेची आहे. ग्रिडला जोडलेले जनित्र, ग्रिड पडताच, तारांवर काम करणाऱ्यांच्या आणि यंत्राच्याही सुरक्षिततेसाठी सामान्यतः बंद पडते. ते चालू राहावयाचे असेल, तर ग्रिडपासून अलग होण्याची, भार घटविण्याची आणि बाहेरच्या विजेवाचून पुन्हा सुरू होण्याची सोय आधीच करावी लागते. २०१२ च्या सँडी वादळात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या सहवीज केंद्राने आपल्या परिसरास वीज पुरविली, ती अशा तयारीच्या बळावर. दक्षिण कॅरोलिनातील पॅरिस आयलंड येथील मरीन तळावर २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पात ३.५ मेगावॉटच्या सहवीजेस सौरपट, बॅटरी आणि नियंत्रणव्यवस्था यांची जोड दिली आहे. त्याचे श्रेय एकट्या सहवीजेस देणे हे सांघिक विजयाचे श्रेय एकाच गड्याला देण्यासारखे होईल.

दुसरी अट इंधनाची आहे, आणि पुरस्कर्त्यांचे मौन येथेच अधिक जाणवते. अमेरिकेतील बहुतेक नवी सहवीज केंद्रे नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीने वायूच्या विहिरी आणि शुद्धीकरण केंद्रे गोठली. त्यांपैकी काहींची वीज तोडली गेल्याने वायूचा पुरवठा आणखी घटला. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वीज आणि वायू हे दोन स्वतंत्र आधार आहेत, हा समज त्या आठवड्यात खोटा ठरला. साखर कारखान्याची सहवीज येथे उद्बोधक आहे : बगॅस आवारातच पडलेला असतो आणि हंगामात वाफेची गरज अखंड असते.

अलास्कातील फोर्ट वेनराइटचे उदाहरण या दृष्टीने विचारार्ह आहे. १९५० च्या दशकात उभारलेल्या तेथील कोळसा-केंद्राने साठांहून अधिक वर्षे तळास वीज आणि भूमिगत मार्गांनी वाफ पुरविली. उणे चाळीस अंशांच्या थंडीत उष्णता खंडित होणे म्हणजे नळ फुटणे आणि इमारती निकामी होणे. हे केंद्र आधुनिक नव्हते, स्वच्छही नव्हते. पण त्याचे इंधन दृष्टीसमोर ढिगाने पडलेले होते. काटकसरीचे रूपांतर टिकावात होते ते अशाच ठिकाणी, कारण साठा ठरलेला असेल तर वाचलेला प्रत्येक एकक संकटकाळातील मुदत वाढवितो. साठाच नसेल, तर वाचलेले इंधन तळाच्या हिशेबवहीत जमा होते, कोठारात नव्हे.

सहवीजेचा खरा, आणि पुष्कळदा दुर्लक्षित राहिलेला, गुण असा की ती रोज चालते. निकडीसाठी ठेवलेले डिझेल जनित्र बहुधा निद्रिस्त असते आणि त्याचा दोष ऐन वेळी उघड होतो. रोज चालणाऱ्या यंत्राचा दोष रोज कळतो. परंतु याच एकवटण्यात धोकाही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनमधील खारकीव्हच्या पाचव्या सहवीज केंद्रावर रशियन मारा झाला आणि त्या भागात मोठ्या प्रमाणावर वीज गेली. वीज आणि उष्णता जेथे एकत्र जन्मतात, तेथे ती एकत्रच हरपण्याचा संभव असतो.

तात्पर्य, सहवीज ही टिकावाची हमी नसून, काही अटींवर टिकावास उपकारक ठरणारी काटकसर आहे. तळावर उष्णतेची बारमाही गरज आहे काय, इंधनाचा साठा आवारात आहे काय, ग्रिडवाचून यंत्र सुरू होते काय, आणि ते बंद पडल्यास दुसरा आधार कोणता, हे चार प्रश्न कार्यक्षमतेच्या टक्केवारीपूर्वी विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे प्रत्यक्ष वीज तोडून, चाचणी घेऊनच मिळतात. ती न मिळविता केलेला पुरस्कार अर्थशास्त्र म्हणून ग्राह्य ठरेल. संरक्षणशास्त्र म्हणून तो अपुराच राहील.