हिराबाईंचा ‘सोज्वळ’ स्वर

हिराबाई बडोदेकरांवर मराठीत जे लिहिले गेले, त्यात एक शब्द फिरून फिरून भेटतो : सोज्वळ. गाणे सोज्वळ, बैठक सोज्वळ, वागणे सोज्वळ. हा गौरवच आहे. पण या शब्दाने त्यांचे गाणे ऐकण्याचे आपले कष्ट वाचवले, असे मला वाटते. सोज्वळपणा हिराबाईंचा स्वभाव असेलही. तो एक निर्णयही होता, आणि तो कोणत्या परिस्थितीत घेतला गेला हे पाहिल्याखेरीज त्याची किंमत कळत नाही.

जन्म १९०५चा, मिरजेतला. पाळण्यातले नाव चंपाकली. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार मान्यांच्या घरातली. १९२२च्या सुमारास ताराबाई पाच मुलांसह खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली : अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, सकिनाची सरस्वती झाली. आडनाव आईच्या गावावरून आले. बापाचे घर सुटले, नाव सुटले. मागे राहिला तो गळा.

बदललेल्या नावाखाली गाणारी स्त्री आपल्याकडे नवी नव्हती. गौहरजानचे जन्मनाव अँजेलिना येवर्ड. वडील आर्मेनियन. आईवडील विभक्त झाले आणि पुढे मायलेकींनी बनारसमध्ये धर्म व नावे दोन्ही बदलली. १९०२मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे करताना गौहर गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत ठणकावून सांगे. तिने नावाची पताका केली. हिराबाईंनी उलट वाट धरली. नाव मागे ठेवले आणि सूर पुढे केला. कोठ्यावरचे गाणे आणि घरंदाज गाणे यांत ज्या काळी समाज एक भिंत बांधत होता, त्या काळी सरदारघराण्यातली आई आणि मुसलमान उस्ताद बाप असलेल्या मुलीला ती भिंत ओलांडायची तर दुसरा मार्ग कोणता होता? साधे पातळ, स्थिर बैठक, हातवारे नाहीत, श्रोत्यांकडे पाहून भाव दाखवणे नाही. सोळाव्या वर्षी, १९२१मध्ये, मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांचे पहिले जाहीर गाणे झाले. पुढे तिकीट लावून मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्या गणल्या गेल्या. तिकिटाने एक गोष्ट साधली : गाणारी बाई कोणा एका धन्याची राहिली नाही, आणि ऐकायला मध्यमवर्गातल्या बायकाही येऊ लागल्या.

तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँ यांची. यातला पेच सहसा कोणी बोलून दाखवत नाही. खाँसाहेबांनी ज्या पत्नीला सोडून ताराबाईंशी संसार मांडला, ती गफूरन वहीद खाँसाहेबांची बहीण. त्यांनी त्या संसारातल्या मुलीला शिकवले. किराण्याची संथ, सुरासुराने वाढत जाणारी बढत तिला दिली. उलट वडिलांचा उंच, बारीक, आर्त लगाव तिच्याकडे न शिकवता आला. हिराबाईंचा गोडवा हा असा दोन बाजूंनी आलेला आहे. ‘कोकिळा’ म्हणून तो उरकता येत नाही.

मात्र त्यांचे खरे धाडस मैफलीतले नाही, रंगभूमीवरचे आहे, आणि तेच आपण विसरलो आहोत. १९२९मध्ये ताराबाईंच्या पुढाकाराने कुटुंबाने नाटकमंडळी काढली. सुरेशबाबू, कमलाबाई, सरस्वतीबाई सगळे त्यात उतरले. हिराबाई ‘सौभद्रा’तली सुभद्रा झाल्या. त्याआधी बायकांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्या होत्याच. पण बालगंधर्वांच्या सुभद्रेने डोळे आणि कान भरलेल्या प्रेक्षकासमोर स्त्री-पुरुषांच्या मिश्र मंडळीत सुभद्रा म्हणून उभे राहणे ही वेगळी गोष्ट. इटलीत असेच घडले होते. रोममध्ये बायकांना रंगमंचाची बंदी होती, म्हणून ऑपेरातल्या नायिकांचा उंच स्वर बालपणीच खच्ची केलेल्या पुरुषांच्या गळ्यातून येई. आणि सोप्रानो म्हणजे मुळात बाईचा आवाज, हे युरोपलाही नंतर मान्य करावे लागले.

आपल्याकडे अडचण शुद्ध सांगीतिकही होती. पुरुष साधारण काळी एक-दोनला गातात, स्त्रिया काळी चार-पाचला. नायक-नायिका दोघेही पुरुष असताना एकाच पट्टीत सवाल-जवाब चालत. ऑर्गनवाल्याला षड्ज हलवावा लागत नसे. खरी स्त्री उभी राहिली की अर्जुनाने वर चढायचे की सुभद्रेने खाली उतरायचे? नाट्यपदांच्या चाली पुरुषी गळ्याच्या तार सप्तकावर बेतलेल्या. तिथे त्या गळ्याला ताण पडे, आणि तो ताणच प्रेक्षकाला नायिकेची व्याकुळता वाटे. स्त्रीच्या गळ्यात तीच जागा सहज लागते. सहज लागली की ती ‘गोड’ वाटते, ‘नाट्यपूर्ण’ वाटत नाही. हिराबाईंचे नाट्यगायन मैफिलीसारखे आहे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्य आहे. त्यांचा आलाप प्रसंगाला घाई करू देत नाही. पण निम्मा दोष तरी कानाच्या सवयीचा मानावा लागेल.

मंडळी फार वर्षे चालली नाही. १९३१मध्ये बोलपट आला आणि भल्याभल्या कंपन्या बसल्या. १९३३च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने रंगमंचावरच्या स्त्रीला गद्य, वास्तव नाटकातून प्रतिष्ठा दिली, संगीत नाटकातला तिचा प्रश्न अर्धाच सुटून राहिला. हिराबाई मैफलीत परतल्या. १९६५मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७०मध्ये पद्मभूषण, १९८९मध्ये निधन : हा भाग सर्वांना ठाऊक आहे.

उत्तरायुष्यात सरस्वतीबाईंबरोबर त्यांनी जुगलबंदी गायली. ती ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. दोघी बहिणी एकाच षड्जावर बसल्या आहेत, एकीने सोडलेला सूर दुसरी तिथूनच उचलते आहे, आणि पट्टीसाठी कोणालाही वर चढावे किंवा खाली उतरावे लागत नाही.